बिराजदारांच्या गाडीचा आवाज

बिराजदार बी-२०३: नमस्कार मंडळी. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून दुपारपासून विचित्र आवाज येतोय, पत्रा घासल्यासारखा. उद्या पहाटे आईला घेऊन तुळजापूरला निघायचंय. कुणाला काही कल्पना असेल तर सांगा प्लीज.

कुलकर्णी काकू ए-१०२: दुपारपासून?? आम्हाला तर कधीपासून ऐकू येतोय. पहाटे गाडी काढता तेव्हा ह्यांची झोप मोडते.

बिराजदार बी-२०३: काकू तो रिव्हर्सचा आवाज होता. तो बंद करून घेतलाय, मीटिंगमध्ये सांगितलं होतं.

कुलकर्णी काकू ए-१०२: असेल.

पवार सी-४०१: हा प्रकार गेटजवळच्या स्पीड ब्रेकरमुळे आहे. उंची जास्त आहे हे मी सर्वसाधारण सभेत लेखी दिलेलं आहे. सर्वांच्या गाड्यांचं सस्पेन्शन जाणार.

माने बी-३०४: बेअरिंग. १०१ टक्के बेअरिंग. दोन्ही बाजूची बदलून टाका, विषय संपला.

येमूल ए-३०१: माने साहेबांना डोकेदुखी सांगितली तरी बेअरिंगच म्हणतील 😂

माने बी-३०४: तुमच्या टेम्पोचं कोणी सांगितलं होतं?

येमूल ए-३०१: तुम्हीच की. निघाला सायलेन्सर.

गायकवाड ताई सी-१०२: दादा आधी नट बघा चाकाचे. माझ्या भावाचं पंक्चर काढलं आणि पोरानं नट नीट आवळलेच नाहीत. बार्शीच्या रस्त्याला चाक डुगडुगत होतं. नशीब म्हणून वाचले.

बिराजदार बी-२०३: आत्ता पान्याने बघून आलो ताई. सगळे घट्ट आहेत.

शिंदे सी-२०३: 🌺 शुभ रात्री 🌺

जाधव (सचिव): हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. गाडी आपल्या पार्किंगमधली असल्याने चालेल, पण आटोपशीर ठेवा. पाणी आज आलेलं नाही, उद्या येईल असं सांगतायत. टाकीत आहे ते जपून वापरा.

कोरे काका ए-२०१: ग्रीस भरून घ्या. आमच्या जुन्या गाडीला दर पावसाळ्याआधी भरायचो. कधी आवाज नाही.

मुजावर चाचा बी-१०१: बिराजदार, आधी एवढं सांगा. आवाज वेगाबरोबर वाढतो का? चालत्या गाडीत न्यूट्रल केलं तर राहतो का? ब्रेक दाबल्यावर काय होतं? स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवली तर कट कट येतं का?

पवार सी-४०१: चाचा, स्पीड ब्रेकर.

मुजावर चाचा बी-१०१: पवार साहेब, ब्रेकरवरून जाताना खडखड आली असती तर मी सस्पेन्शनचे भाग, लोअर आर्म, लिंक, स्ट्रटचं माउंटिंग बघा म्हणलो असतो. हे सपाट रस्त्यावर वाजतंय.

पवार सी-४०१: उंची मोजून फोटो टाकलेला आहे. वर जाऊन बघा.

बिराजदार बी-२०३: चाचा, चाक जितकं जोरात तितका आवाज. न्यूट्रललाही येतो. ब्रेक दाबला की जरा बदलतो, जात नाही. कट कट नाही. पण ६० च्या पुढे गेलं की घुं घुं असा अजून एक आवाज आहे. तो जुना आहे, टायरचा असेल.

माने बी-३०४: घुं घुं!! काय म्हणलो मी?

मुजावर चाचा बी-१०१: थांबा हो माने. हे दोन वेगळे आवाज आहेत, त्यांची खिचडी करू नका. न्यूट्रलला राहतो म्हणजे इंजिनचा संबंध नाही, चाकाबरोबर फिरणारं काहीतरी आहे. कट कट नाही म्हणजे एक्सेलचा सीव्ही जॉइंट, चाक वळलेलं असतानाही फिरवणारा सांधा, बहुतेक बरा आहे. तरी त्याचा रबरी बूट फाटून आतल्या बाजूला ग्रीस उडालंय का बघायचं. घासायचा आवाज अचानक सुरू झाला, त्याला दोन कारणं. ब्रेकचे पॅड संपत आले की त्यावरची पत्र्याची जीभ चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या डिस्कला लागते आणि किंचाळते. नाहीतर डिस्कमागे पातळ पत्रा असतो, त्यात खडा अडकतो. आज गाडी कुठे कुठे नेली?

बिराजदार बी-२०३: होटगी रोडला जाऊन आलो, बस. मग दुपारी माझ्या जागेवर ती पेव्हर ब्लॉकवाल्याची खडी पडलीय त्यावरून गाडी लावली. संध्याकाळी काढली तर हा आवाज. नाही, दुपारी लावतानाच आला होता.

कुलकर्णी काकू ए-१०२: ती खडी उचला म्हणून मी किती वेळा सांगितलं. माझी चप्पल घसरली तेव्हा कोणी एक शब्द बोललं नाही.

जाधव (सचिव): काकू, कॉन्ट्रॅक्टरला कळवलेलं आहे.

कुलकर्णी काकू ए-१०२: कळवलेलं असेलच. तुम्ही कळवताच नेहमी.

जाधव (सचिव): पुढच्या वर्षी सचिवपद रिकामं आहे. आनंदाने सोडतो.

येमूल ए-३०१: ओ सर रागावू नका की. खडी चौकशी समिती नेमू, अध्यक्ष माने. अहवाल आधीच तयार हाय, बेअरिंग.

पवार सी-४०१: खडीचा विषय येण्याआधी मी स्पीड ब्रेकरचा विषय मांडला होता, याची नोंद घ्यावी.

कोरे काका ए-२०१: ग्रीसबद्दल कोणी उत्तर दिलं नाही.

मुजावर चाचा बी-१०१: कोरे काका, तुमचं बरोबर आहे, पण त्या गाडीपुरतं. आम्ही एसटीच्या वर्कशॉपमध्ये टेपर रोलर बेअरिंग धुवायचो, ग्रीस भरायचो, नट बेताने आवळायचो. ह्यांच्या गाडीला सीलबंद बेअरिंग आहे. त्यात बाहेरून ग्रीस जात नाही. गेलं की गेलं, नवीनच बसवायचं.

बिराजदार बी-२०३: चाचा, गुडघा बरा असेल तर खाली येता का पाच मिनिटं?

मुजावर चाचा बी-१०१: येतो. हँडब्रेक लावा, मागच्या चाकाला पुढून-मागून वीट लावा. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक. नुसत्या जॅकवर कुणी गाडीखाली डोकं घालायचं नाही. टॉर्च घ्या.

येमूल ए-३०१: वीट कशाला, पवार साहेबांचा ब्रेकर उचलून लावा. मी पण आलो.

गायकवाड ताई सी-१०२: आमच्याकडे चार्जिंगचा मोठा टॉर्च आहे, मुलगा घेऊन येतोय.

कुलकर्णी काकू ए-१०२: इतक्या रात्री खाली कोण ठोकतंय?

कुलकर्णी काकू ए-१०२: ???

येमूल ए-३०१: काकू, ऑपरेशन चालू हाय. पेशंट ठीक.

बिराजदार बी-२०३: 📷 हा बघा. हरभऱ्याएवढा खडा, डिस्क आणि पत्र्याच्या मध्ये. चाचांनी पत्रा स्क्रू ड्रायव्हरने जरा मागे वाकवला, खाली पडला. घासणं बंद. पॅड पण चांगले जाड आहेत.

जाधव (सचिव): खडा सोसायटीचाच आहे असं फोटोवरून म्हणता येणार नाही.

येमूल ए-३०१: त्याचा आधार कार्ड नंबर विचारतो थांबा.

माने बी-३०४: आणि बेअरिंग?

बिराजदार बी-२०३: 😐 चाचांनी चाक वर आणि खाली धरून हलवलं, किंचित हललं. मग मला आत बसून ब्रेक दाबायला लावला, तर हलायचं थांबलं. सस्पेन्शनचा बॉल जॉइंट गेला असता तर ब्रेक दाबूनही हललं असतं, म्हणजे बेअरिंगच म्हणाले. स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरवलं तर खरखर हाताला लागते. उजव्या चाकाला काहीच नाही.

माने बी-३०४: 🙏 मला काही बोलायचं नाही.

येमूल ए-३०१: बोला की. वर्षातून एकदा येतो असा दिवस.

माने बी-३०४: दोन्ही बाजूची बदला.

मुजावर चाचा बी-१०१: घुं घुं डाव्या बेअरिंगचीच. जे गेलंय ते बदला. चांगल्याला हात लावू नका. तुळजापूरला ही गाडी नको, घाट चढायचा-उतरायचा आहे. स्टँडवर जा, सकाळपासून एसटी आहेत. आईंचं आधार कार्ड बरोबर ठेवा, बायकांना अर्धं तिकीट लागतं. ७५ पूर्ण असतील तर तेही नाही.

पवार सी-४०१: बेअरिंग खराब होण्याचं कारण वारंवार बसणारा दणका हे असू शकतं की नाही, चाचांनी एवढंच सांगावं.

मुजावर चाचा बी-१०१: असू शकतं. खड्ड्याने जातं, गुडघाभर पाण्यातून नेली तरी जातं. आपल्या सोलापुरात एकट्या ब्रेकरवर आळ घेता येत नाही.

पवार सी-४०१: असू शकतं. सर्वांनी वाचावं. सचिवांनी स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

जाधव (सचिव): पाहिलं.

बिराजदार बी-२०३: सुप्रभात. आई आणि बायको एसटीने गेल्या. मी थांबलो, सात रस्त्याच्या पुढे एकाला गाडी दाखवली. तो म्हणतो पूर्ण एक्सेल आणि डिस्क पण बदला. चाचा?

मुजावर चाचा बी-१०१: कशासाठी ते विचारा. बूट फाटलेला नाही, काल आपण बघितलाय. बेअरिंग सरळ दाबून बसवायला हायड्रॉलिक प्रेस आहे का बघा. नसेल तर गाडी परत घेऊन या. हातोड्याने ठोकून बसवलेलं नवीन बेअरिंगही थोड्याच दिवसात ओरडायला लागतं. आणि एबीएसवाली गाडी आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी; काही बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकी पट्टी असते, ती सेन्सरच्या बाजूलाच यायला पाहिजे. उलटं बसलं तर डॅशबोर्डवर दिवा लागतो.

बिराजदार बी-२०३: प्रेस नाहीये म्हणतो.

मुजावर चाचा बी-१०१: मग निघा तिथून. हळू या. अक्कलकोट रोडला माझ्या ओळखीचा एक आहे, पाणी भरून झालं की मी बरोबर येतो. जुनं बेअरिंग तिथं सोडायचं नाही, परत मागून घ्यायचं.

माने बी-३०४: फोटो ग्रुपवर टाका.

जाधव (सचिव): पर्सनलवर टाका.