खवल्या मांजराची लाळग्रंथी: पेशी रिकाम्या का दिसतात?

स्लाईडवेडा: डिपार्टमेंटच्या जुन्या कलेक्शनमध्ये खवल्या मांजराच्या सबमँडिब्युलर (जबड्याखालच्या) लाळग्रंथीची एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, नेहमीचा निळा-गुलाबी स्टेन) स्लाईड मिळाली, पण जिकडे बघावं तिकडे फिकट, फेसाळ पेशी, न्यूक्लिअस तळाला चपटा होऊन चिकटलेला. स्टेन उडालाय का?

कोकण्या: स्टेन बरोबरच आहे रे, त्या म्युकस पेशी आहेत, चिकट स्राव बनवणाऱ्या. आत म्युसिनचे (त्या चिकट स्रावातल्या प्रथिनाचे) कण ठासून भरलेले असतात, ते न्यूक्लिअसला खाली दाबतात, आणि एच अँड ई म्युसिनला नीट धरतच नाही म्हणून पेशी रिकामी वाटते. पीएएस स्टेन केलंस तर तोच भाग गडद किरमिजी येईल, अल्शियन ब्लू स्टेनने निळा. या प्राण्याला दात नाहीत, मुंग्या-वाळवी चिकटवायला जीभ आणि लाळ एवढंच भांडवल, मग म्युकस भरपूर असणारच. जुनी स्लाईड जपून वापर हां, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ चा प्राणी आहे, नवीन टिश्यू सहज मिळणार नाही.

स्लाईडवेडा: बरं, पण पेशींच्या काही गुच्छांच्या टोकाला चंद्रकोरीसारख्या गडद पेशी पण आहेत, गोल न्यूक्लिअसवाल्या.

मायक्रोटोम_मावशी: त्या सीरस पेशी, पातळ पाण्यासारखा स्राव बनवणाऱ्या; त्या चंद्रकोरीला डेमिल्यून म्हणतात. तळाचा निळसरपणा रफ ईआरचा (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याचा), तिथे प्रोटीन बनतं. पण चंद्रकोरीवर फार विश्वास ठेवू नकोस बाळा, उंदराची ग्रंथी झटकन गोठवून बघितली तेव्हा सीरस पेशी म्युकसच्या शेजारीच रांगेत दिसल्या, नेहमीच्या फिक्सेशनमध्ये (रसायनात टिश्यू टिकवताना) म्युकस पेशी फुगतात आणि यांना बाहेर ढकलतात.

कोकण्या: हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही, परीक्षेत चंद्रकोर काढूनच मार्क घेतले 😄