मॅचच्या दिवशी पडद्यामागे: तुम्ही कधी आत शिरलाय का?

खारी_बिस्कीट
काल दिवाळीची साफसफाई करताना कपाटाच्या खालच्या खणात गळ्यात अडकवायचा एक पास सापडला. किनिक स्टेडियम, आयोवा सिटी, ४ नोव्हेंबर २०१७. नवरा म्हणाला, टाकून दे. टाकतेय कसली, तिथेच फरशीवर फतकल मारून बसले.

तेव्हा अमेरिकेत तिथल्याच युनिव्हर्सिटीत एमएस करत होते आणि वरखर्चाला तिच्या टीममधल्या खेळाडू मुलांना स्टॅट्स शिकवायचे. एक होता साडेसहा फुटी, खुर्चीत मावायचा नाही, पण स्टँडर्ड डेव्हिएशन म्हटलं की रडवेला. नियम इतके कडक की मी त्याला साधी कॉफी पाजायचीही चोरी. मिडटर्मला तो बऱ्यापैकी सुटला आणि टीमच्या ऑफिसातून मला हा पास आला. (अमेरिकन फुटबॉल हं, लंबगोल बॉलवाला.)

मॅच दुपारी अडीचची, मी साडेनऊलाच हजर. आधी सामानाची खोली. धुण्याची पावडर आणि चामडं यांचा मिळून एक वास. एक मुलगा प्रत्येक हेल्मेटच्या आतल्या गाद्यांमध्ये छोट्या पंपाने हवा भरत होता, दाबून बघत होता, परत भरत होता. काळ्या हेल्मेटवर एक पिवळा गोल स्टिकर, एएनएफ. म्हणजे 'अमेरिकेला शेतकरी हवेत'. १९८५ मध्ये तिकडे कर्जापायी शेतकऱ्यांची शेतं जात होती तेव्हा कोच हेडन फ्राय यांनी तो लावायला सुरुवात केली. माझे आजोबा येवल्याकडचे कांदेवाले. मी ते हेल्मेट जरा जास्तच वेळ हातात धरून उभी राहिले, तर तो मुलगा म्हणाला, मॅडम, अजून बरीच व्हायचीयत.

मग बोगद्याच्या तोंडाशी. तिथली टीम धावत सुटत नाही, एकमेकांचे हात धरून हळूहळू येते. समोर ओहायो स्टेट, देशात तिसऱ्या नंबरची. माझा साडेसहा फुटी दिसला, पण ओळख नाही पाळख नाही, नजर समोर. माझा आतला पास फक्त किकऑफपर्यंत, म्हणजे खेळ सुरू होईपर्यंत होता. नंतर जिने चढून वरच्या सीटवर जायचं. अर्ध्या जिन्यात असताना असा आवाज झाला की पायाखालचं काँक्रीट हललं. ओहायोच्या पहिल्याच चालीत आपल्यांनी त्यांचा फेकलेला बॉल मधल्यामध्ये पकडला आणि थेट टचडाउन (आपल्या गोलसारखंच)! सकाळी साडेनऊपासून आलेल्या बाईने तेवढंच पाहिलं नाही.

पहिला क्वार्टर संपला की अख्खं स्टेडियम शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे वळून हात हलवतं. त्याच वर्षी सुरू झालं होतं ते. बाराव्या मजल्याच्या काचेशी पोरं असतात. ओहायोचे लोकही हलवत होते.

५५-२४ जिंकलो. सोमवारी साडेसहा फुटी आला तो गृहपाठ न करताच.

तुमचंही लिहा, कोणताही खेळ चालेल. चकलीची भाजणी दळून आलीय, मी जाऊन-येऊन आहे.

तिसरी_शिट्टी
मी पयली! हातात घेऊन पळतात त्याला फुटबॉल का म्हणतात हे आधी सांगा. आलेच, कुकर.

रंकाळ्याचा_वारा
पायानं खेळत्यात ते बघायचं असंल तर कोल्हापुरात शाहू स्टेडियमला या. आमच्या काकांची तालीम (आमच्याकडं फुटबॉलच्या टीमी तालमींच्याच) कुठली ते सांगत नाही, उगं इथं पण राडा नको. मी आठवीत. काम एकच, बर्फाची बादली आणि मीठ लावलेली लिंबं सांभाळायची. सकाळी तालमीत मारुतीपुढं बुटांची रांग, नारळ फुटला की मगच बूट पायात. काकांचा डावा बूट अंगठ्याशी फाटलेला, त्यो त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून शिवलेला. फायनलच्या दिवशी लिंबं घेतली, बर्फ घेतला, पण नडगीला बांधायच्या पॅडची पिशवी तालमीतच. काका तसंच खेळले. रात्री काकी हळद लावत हुती आणि माझ्याकडं बघत हुती. बोलली काय नाही. ते जास्त लागलं.

खारी_बिस्कीट
@रंकाळ्याचा_वारा अरे देवा, काकी! सायकलच्या ट्यूबवर एक वेगळा धागा काढा.

वऱ्हाडी_ठेचा
अमेरिकेले शेतकरी पायजेत म्हंते. आपल्याइकडं हेल्मेटवर पानमसाला असते. सोयाबीनचा भाव इचारू नका, दिवाळी हाये.

बँडवाल्याची_आई
आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरजवळ. तिथलं स्टेडियम १९२७ चं, १,०७,६०१ जण बसतात, पण बहुतेक भाग जमिनीत खणलेला, त्यामुळे बाहेरून बुटकंच दिसतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा सासरे म्हणाले, एवढंसंच?
माझा अनुभव मात्र दुसऱ्या कॉलेजचा, मुलगा तिकडे बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. पालकांना मदतीला बोलावतात. टोपीवरचे तुरे मैदानात उतरायच्या जरा आधी लावायचे आणि काम झालं की मोजून परत पेटीत ठेवायचे. पाऊस होता. दोन तुरे कमी भरले. तीन आया ओल्या गवतात वाकून शोधतोय, आणि मागे मॅच चाललीय. कोण जिंकलं ते मला घरी आल्यावर कळलं.

फिजिओ_मुलुंड
घोटे बांधताना पाहिलंत का? तिथे रांग लागते म्हणे. पाऊल काटकोनात धरायचं, आधी फोमची पातळ पट्टी, मग टेप, नाहीतर निघताना केसांसकट निघतो. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीला मी एकटी, टेपचे रोल सहा आणि दोन्ही टीमची पोरं. शेवटी एकाने स्टेशनरीच्या दुकानातून खाकी पॅकिंग टेप आणला. "ताई, हाच लावा, मजबूत आहे." नाही लावला. तो आता पोलिसात आहे, अजून फोन करतो.

खारी_बिस्कीट
@फिजिओ_मुलुंड पाहिलं तर! चार टेबलं, पोरं कानात गाणी घालून पाय पुढे करून बसलेली, लग्नात मेंदीला बसतात तशी.

केबल_ओढक्या
विद्यार्थी असताना टीव्हीवाल्यांसाठी कडेला केबल ओढायचं काम केलंय, टेक्सासमध्ये. तिथे एक लाल टोपीवाला माणूस असतो. तो मैदानात येऊन उभा राहिला म्हणजे टीव्हीवर जाहिराती चालू. तो बाजूला झाल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. घड्याळाप्रमाणे खेळ ६० मिनिटांचा, पण साडेतीन तास चालतो तो याच्यामुळेही. दुसरा एक माणूस फक्त कोचला मागे ओढायला ठेवलेला. कोच तापून रेषेच्या आत गेला की दंड बसतो, म्हणून याने पट्ट्याला धरून मागे खेचायचं. पगारी काम! लग्नकार्यात आमच्या मामांसाठी असा एक माणूस हवाय.

तिसरी_शिट्टी
@केबल_ओढक्या आमच्या मामींसाठी पण.
बाकी मी कुठे वाचलं की आयोवाला पाहुण्या टीमची खोली गुलाबी आहे, खरं का?

खारी_बिस्कीट
खरं. फ्राय मानसशास्त्र शिकलेले, गुलाबी रंगाने माणूस ढिला पडतो असं त्यांचं म्हणणं. भिंती, लॉकर, मुतारीसुद्धा गुलाबी. मला आत नाही जाता आलं, दाराशी ओहायोचा पहिलवान उभा होता.

रंकाळ्याचा_वारा
म्हणून ५५-२४ व्हय!

तिसरी_शिट्टी
आमच्या सासरी पाहुण्यांची खोली गुलाबीच आहे. सात वर्षं झाली, कुणी ढिलं पडलेलं नाही.

बँडवाल्याची_आई
😂 @खारी_बिस्कीट चकल्या झाल्या का? माझ्या तेलात सुटतायत, मोहन जास्त झालं का?

खारी_बिस्कीट
हो, मोहनच. थोडी कोरडी भाजणी घालून परत मळा आणि आधी एकच सोडून बघा. माझ्या मऊ पडल्यात, धागा वाचत बसले त्याचं फळ.