गळपट्ट्यावरच्या डिव्हाइसने भुंकणं खरंच मोजता येतं का? सोसायटीतून तक्रार आलीये

चिकूची_आई_वाकड

नमस्कार मंडळी. आमचा चिकू, चार वर्षांचा, इंडी (देशी कुत्रा), वजन साधारण १८ किलो. आम्ही दोघंही आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जातो आणि तेव्हा तो घरी एकटा असतो, दुपारी मावशी येऊन त्याला खाली फिरवून आणतात. परवा सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं की तुमचा कुत्रा दिवसभर भुंकतो आणि रात्रीही भुंकतो. रात्रीचं तर मला पटतच नाहीये कारण रात्री तो आमच्या पलंगाशेजारी झोपलेला असतो, गेटबाहेरची भटकी कुत्री भुंकतात ती वेगळी. पण दिवसाचं काय ते आम्हाला खरंच माहीत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी आजारी आहेत, त्यांना त्रास होत असेल तर मला तो थांबवायचाय, नुसतं भांडायचं नाहीये.

नेटवर शोधलं तर पट्ट्याला लावायची डिव्हाइस दिसतायत, अॅपवर चालणं, झोप, भुंकणं सगळं दाखवतात म्हणे. काही स्वस्त पट्टे तर भुंकला की आपोआप झटका देणारे आहेत. नवरा म्हणतो साधा कॅमेरा लाव आणि विषय संपव. कोणी वापरलंय का असं काही? आकड्यांवर भरवसा ठेवता येतो का? आणि दुसऱ्या कुत्र्याचं भुंकणं आपल्याच्या नावावर लागत नाही ना?

बंड्या_आणि_राणीचा_बाबा

ताई, आमच्याकडे दोन आहेत आणि दोघांच्याही गळ्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे बघा की डिव्हाइस भुंकणं ओळखतं कशावरून. काहींमध्ये माइक असतो, काहींमध्ये फक्त हालचालीचा सेन्सर असतो (फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ना, तोच), आणि काहींमध्ये दोन्ही. कुत्रा भुंकतो तेव्हा मान आणि छाती एका ठरावीक झटक्याने हलते, हालचालवाला सेन्सर ते पकडतो, त्यामुळे शेजारच्या किंवा रस्त्यावरच्या कुत्र्याचं भुंकणं तुमच्या चिकूच्या खात्यावर जात नाही. नुसता माइक असेल तर मात्र जाऊ शकतं. आम्ही याच कारणाने कॅमेऱ्यावरून पट्ट्याकडे आलो, कॅमेऱ्यात आवाज यायचा पण बंड्या की राणी ते कळायचंच नाही, आणि कळलं तेव्हा घरातला सगळा दंगा एकटी राणी करते असं निघालं, बंड्या बिचारा झोपलेला.

दुसरं म्हणजे फिटिंग. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपतच सैल ठेवा, त्याहून सैल झाला की डिव्हाइस गळ्याखाली लोंबकळत राहतं आणि नुसतं पळण्याचंही भुंकणं म्हणून मोजलं जातं. घुंगरू, लायसन्सचा बिल्ला, नावाचं लॉकेट हे सगळं दुसऱ्या पट्ट्याला लावा, त्याची खणखण आणि धक्के सेन्सरला बसतात.

तिसरं, घेण्याआधी विचारा की भुंकणं खरंच मोजतं का. नावावर जाऊ नका, फिटबार्क नावाचं डिव्हाइस प्रसिद्ध आहे पण ते हालचाल आणि झोप मोजतं, भुंकणं नाही. ट्रॅक्टिव्ह आणि फाय यांनी अलीकडे भुंकण्याची नोंद आणलीये पण ही परदेशी डिव्हाइस सबस्क्रिप्शनवर चालतात, तेव्हा इथे नेटवर्क मिळतं का आणि दुरुस्ती कोण करून देणार ते आधी लेखी विचारून घ्या. व्हिसल नावाचं मोठं नाव होतं अमेरिकेत, २०२५ मध्ये ट्रॅक्टिव्हने ते विकत घेतलं आणि त्याच वर्षी व्हिसलची जुनी डिव्हाइस बंद झाली. सर्व्हर बंद झाला की गळ्यात नुसतं प्लॅस्टिक उरतं, म्हणून एकदम दोन वर्षांचे पैसे भरू नका, महिन्याच्या हिशोबाने घ्या.

आणि कुत्र्याच्या मनात काय, मूड काय ते सांगणाऱ्या गोष्टींवर खर्च करू नका. जपानमध्ये २००२ मध्ये बाउलिंग्वल नावाचं कुत्र्याची 'भाषा' सांगणारं खेळणं आलं होतं, त्याला त्या वर्षीचं शांततेचं इग नोबेल (नोबेलची नक्कल करणारा गमतीचा पुरस्कार) मिळालं. तुम्हाला फक्त कधी आणि किती वेळ एवढंच हवंय, तेवढं डिव्हाइसकडून नीट मिळतं.

रेवा_पाळणाघर

झटक्याचा पट्टा कृपा करून घेऊ नका. माझ्याकडे कुत्री ठेवायला येतात, त्यात असा पट्टा लावलेली आली की आठवडाभर ती माणसाच्या हाताला घाबरतात, आणि काही भुंकायची थांबतात पण दार ओरबाडायला आणि पंजे चावायला लागतात, म्हणजे त्रास गेला नाही, फक्त आवाज गेला. वेल्सने २०१० मध्येच अशा पट्ट्यांवर बंदी घातलीये. व्हायब्रेशन आणि अल्ट्रासॉनिक शिट्टीवाल्यांचंही तेच, शिट्टी आपल्याला ऐकू येत नाही म्हणून सौम्य वाटते, पण कुत्र्याला साधारण ४५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आपली मर्यादा २०,०००.

चिकूची_आई_वाकड

सगळ्यांचे मनापासून आभार. झटकेवाला बाद. मावसभावाकडे हालचाल सेन्सरवालं एक डिव्हाइस पडून होतं ते आणलंय आणि लावलंय. आता जे दिसतंय ते लिहिते, कोणी समजावून सांगा.

आम्ही साडेनऊला निघतो. लगेच भुंकणं सुरू होतं आणि सव्वादहा-साडेदहापर्यंत थांबून थांबून चालतं, त्यासोबत हालचालही भरपूर, म्हणजे तो दार ते बाल्कनी फेऱ्या मारत असणार. मग एकदम शांत. एक-दीडच्या सुमारास पुन्हा पाच-सात मिनिटं, ते मी गेटवरच्या नोंदीशी ताडून बघितलं तर समोरच्या फ्लॅटचा डबा त्याच वेळी येतो. बाकी दुपार झोप. म्हणजे 'दिवसभर' नाही, पण सकाळचा पाऊण तास खरा आहे, आजींच्या औषधाची आणि झोपेची तीच वेळ असते हे त्यांच्या सुनेने सांगितलं.

पण रात्रीचं कोडं सुटत नाहीये. अॅपवर रात्री दोन ते चार मध्येच एखादं 'भुंकणं' दिसतं, एकेकटं, मग बराच वेळ काही नाही, मग परत एक. आम्ही शेजारीच झोपतो, आम्हाला काहीच ऐकू येत नाही! हे सेक्रेटरींना दाखवलं तर ते म्हणतील बघा, भुंकतोच की.

पशुवैद्य_साताराकर

ताई, तुमच्या ग्राफमध्ये तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत.

सकाळचं भुंकणं: मालक निघाल्यावर लगेच सुरू होणारं, फेऱ्यांसकट, हे बहुतेक वेळा एकटं राहण्याच्या भीतीचं असतं. खात्री करायला पहिला अर्धा तास फोनवर व्हिडिओ घ्या, डिव्हाइस कधी ते सांगतं, का ते व्हिडिओ सांगतो. व्हिडिओत लाळ गळणं, दाराशी ओरबाडणं, हेल काढून रडणं दिसलं तर भीती समजा. मग उपाय म्हणजे निघण्याचा सराव. चावी वाजवायची आणि बसून राहायचं. चपला घालायच्या, बाहेर जाऊन अर्ध्या मिनिटात परत यायचं, तो शांत असतानाच परत यायचं, आणि वेळ हळूहळू वाढवायची, तो बेचैन झाला की वेळ वाढवणं थांबवून मागे यायचं. निघण्याआधी नीट चालवून आणा, त्यातही हुंगायला वेळ द्या, नुसतं ओढत नेऊ नका. सराव चालू असताना पहिले काही आठवडे सकाळी कोणी घरी थांबू शकलं तर फार फरक पडतो, तुमचे ऑफिसचे दिवस आलटून पालटून करता येतात का बघा. भीती जास्त असेल तर फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिनसारखी औषधं असतात, पण ती तपासून डॉक्टरनेच द्यायची, मेडिकलमधून स्वतः आणायची नाहीत. ओरडणं आणि मारणं याने भीती वाढते.

दुपारचं: ते दारावरच्या आवाजाला उत्तर आहे. चिकूचं अंथरूण दारापासून लांब आतल्या खोलीत हलवा, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा, मावशींची वेळ डब्याच्या जरा आधी आणता आली तर उत्तम.

रात्रीचं: हे भुंकणं आहे असं मला वाटत नाही. एकेकटा झटका, मध्ये शांतता, परत झटका, हे डोकं झटकण्याचं लक्षण आहे, सेन्सर त्याला भुंकणं समजतो. एका रात्री उशाशी फोनवर रेकॉर्डिंग लावा. आणि कान बघा, उचलून वास घ्या, आतली त्वचा लाल आहे का, काळपट-तपकिरी मळ आहे का. पावसाळ्यात कानाचं इन्फेक्शन फार दिसतं. गोचिड्याही तपासा, कानाच्या घडीत आणि बोटांच्या मध्ये.

नियम_वाचणारा_शेजारी

कायद्याचं थोडं, कारण पुढे लागेल. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत स्पष्ट म्हटलंय की सोसायटी बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही आणि भुंकणं हे बंदीचं कारण होऊ शकत नाही. पण त्याच कागदात मालकांनाही सांगितलंय की शेजाऱ्यांना त्रास होऊ नये, विशेषतः रात्री, म्हणून प्रयत्न करा. म्हणून सेक्रेटरींना उत्तर लेखीच द्या, त्यात सकाळचा त्रास मान्य करा, काय करताय ते लिहा, रेबीजची लस आणि महापालिकेचं लायसन्स याची कॉपी जोडा. डिव्हाइसचा ग्राफ पुरावा म्हणून एकटा पाठवू नका, सोबत रेकॉर्डिंग असू दे.

चिकूची_आई_वाकड

डॉक्टर, रेकॉर्डिंग ऐकलं. एकदाही भुंकला नाहीये. अॅपवर नोंद आहे त्या त्या मिनिटाला फडफड-फडफड असा आवाज, कान डोक्यावर आपटल्याचा, आणि एकदा पंजाने खाजवल्याचा. भटक्या कुत्र्यांचं भुंकणं मात्र लांबून स्पष्ट ऐकू येतंय, तक्रार बहुतेक तीच असणार. डावा कान उचलला तर आंबूस वास आणि आत तपकिरी मळ. उद्या संध्याकाळची अपॉइंटमेंट घेतलीये. सेक्रेटरींना पत्र आणि रेकॉर्डिंग दिलंय, आणि आजींच्या सुनेला नंबर दिलाय की सकाळी आवाज आला की थेट मला मेसेज करा. मी पुढचे सोमवार घरून काम मागितलंय. एक विचारायचं होतं, कानात औषध चालू असताना पट्टा काढून ठेवू का?

पशुवैद्य_साताराकर

पूर्ण काढायची गरज नाही, पण रात्री काढा आणि गळ्याखालची त्वचा रोज बघा, ओला पट्टा तसाच राहिला की पावसाळ्यात तिथे जखम होते. कान कापसाच्या काडीने आत कोरू नका, आणि उद्या जाण्याआधी कानात तेल किंवा दुसरं काही घालू नका, मळाचा नमुना मायक्रोस्कोपखाली बघावा लागेल. डॉक्टरांना विचारा यीस्ट आहे की बॅक्टेरिया, औषध त्यावर ठरतं. औषध सुरू झालं की रात्रीच्या त्या नोंदी कमी होतात का तेवढं अॅपवर बघत राहा, नाही झाल्या तर परत दाखवा.