ग्लॉक पिस्तुलाचे सगळे मालक समाधानी? विकून मोकळे झालेल्यांना विचारलंत का?

तिसरा डोळा
परवा 'सतरावं पेटंट' यांनी लिहिलं, "ग्लॉक घेऊन पस्तावलेला माणूस मला अजून भेटायचाय. जे कुरकुर करतात त्यांना मुळात नेमच धरता येत नाही." दोन दिवस गप्प बसलो. आज राहवलं नाही. लांबलचक आहे, सोसून घ्या.

आधी माझं सांगतो, नाहीतर लगेच 'जळतोय' म्हणाल. माझ्याकडे नऊ वर्षं ग्लॉक १७ आहे, तिसऱ्या पिढीचं. एकदाही अडलं नाही. म्हणजे तुमच्या समाधानी मालकांत मीही आलोच. आणि म्हणूनच सांगतो, माझं मत कवडीमोलाचं आहे. महिन्याला ५० गोळ्या झाडतो, त्याही आळस आला नाही तर. नऊ वर्षांत साडेपाच हजारसुद्धा भरत नाहीत. तेवढ्यात धड बनवलेलं कुठलंच नऊ मिलिमीटरचं पिस्तूल रडत नाही. त्याने मला दगा दिला नाही हे खरं, पण मी त्याचा जीवही कधी काढला नाही.

दुसरं म्हणजे, जे नाखूश होते ते विकून गेले. "ग्लॉक कसं वाटतं?" असं विचारल्यावर उत्तर कोण देणार? ज्याच्या कपाटात ते अजून आहे तो. टिकलेल्या जोडप्यांनाच बोलावून लग्न कसं असतं ते विचारायचं, तसली ही पाहणी.

आणि समाधान म्हणाल तर ते काय, कशावरही होतं. तिसऱ्या पिढीत मुठीवर बोटांसाठी खाचा आल्या, तेव्हा "काय सुरेख बसतात बोटं!" २०१७ मध्ये पाचव्या पिढीत कंपनीनेच त्या काढल्या, तेव्हा "गेल्या एकदाच्या, सुटलो!" म्हणणारे बऱ्याच वेळा तेच लोक. चौथी पिढी २०१० ची. २०११ मध्ये कंपनीने आपणहून त्यांच्या रिकॉइल स्प्रिंग (झाडल्यावर मागे गेलेला वरचा भाग परत पुढे ढकलणाऱ्या) फुकट बदलून द्यायला काढल्या. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते मालकही सुखातच होते.

सतरावं पेटंट
नऊ वर्षं न अडलेलं पिस्तूल घेऊन तक्रारीचा धागा काढणारा पहिलाच पाहिला. अहो, तुम्ही माझीच बाजू मांडलीत की!

गॅस्टन ग्लॉकने त्याआधी एकही बंदूक बनवली नव्हती. पडद्यांचे गज, सुऱ्या आणि सैन्याला लागणारी खोरी, हा त्याचा धंदा. तरी १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्याचं पिस्तूल पी८० म्हणून स्वीकारलं. मुरलेल्या कंपन्या बघत राहिल्या. ते काही माझ्यासारख्यांच्या 'समाधाना'वर झालं नाही, चाचण्यांवर झालं. स्प्रिंग कंपनीने स्वतः बदलून दिल्या, हा दोष म्हणून सांगताय? दुसरे कोण देतात हो आपणहून?

आणि जाता जाता, ग्लॉक १७ मधला १७ हा आकडा मॅगझीनमधल्या गोळ्यांचा नाही, ग्लॉकच्या सतराव्या पेटंटचा. दर महिन्याला कोणाला तरी सांगावं लागतं.

पोलादी माणूस
आले प्लास्टिकवाले. ग्लॉकचा सांगाडा प्लास्टिकचा, म्हणून जगाला प्लास्टिकचं पिस्तूल आपणच दाखवलं असा यांचा थाट. हेकलर अँड कोख या जर्मन कंपनीचं व्हीपी७० पिस्तूल बाजारात आलं ते १९७० मध्ये. बारा वर्षं आधी. ते फार चाललं नाही, ती गोष्ट वेगळी.

मी सीझेड ७५ वापरतो, पोलादी पिस्तूल. हात लावलात का कधी? स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, चौकटीच्या, म्हणजे मुठीच्या सांगाड्याच्या, आतून धावते, त्यामुळे पिस्तूल हातात खाली बसतं आणि झाडल्यावर नळी उड्या मारत नाही. त्याच्या शेजारी '१९११' नावाचं पिस्तूल ठेवलेलं आहे, जॉन ब्राउनिंगचं. १९११ ते १९८५ अमेरिकी सैन्याचं अधिकृत पिस्तूल. रिकामं असलं तरी किलोभराच्या वर. ती पिस्तूल हातात घेतली की आपण काहीतरी धरलंय असं वाटतं. तुमचं ६३० ग्रॅमचं खेळणं धरलं की डबा उघडायचं काहीतरी हातात आल्यासारखं वाटतं.

ऱ्हस्वदीर्घ
विषयांतराबद्दल माफी, पण 'ती पिस्तूल' वाचवत नाही. मराठीत ते पिस्तूल. अनेक असतील तर ती पिस्तुलं. ती बंदूक, तो तमंचा, ते रिव्हॉल्वर. 'ती पिस्तूल' हिंदीतून आलीय आणि आता हलायला तयार नाही.

पोलादी माणूस
माझी १९११ स्त्रीलिंगीच आहे. रोज तेल लावून घेते आणि जरा दुर्लक्ष झालं की रुसते.

सतरावं पेटंट
गंजते म्हणा ना सरळ.

पोलादी माणूस
घामाने डाग पडतो कधी कधी. बरं, पडतो. तुमच्या स्लाइडवरची प्रक्रिया चांगली आहे, झालं समाधान? मिळालं तुम्हाला आणखी एक समाधानी माणूस, लिहून घ्या वहीत.

कोचताई
मी अकरा वर्षं नवशिक्यांना शिकवते, म्हणून दोन शब्द.

'पिस्तूल अडतं' म्हणून येणाऱ्यांपैकी निम्म्यांचं मनगट ढिलं असतं. चौकट हलकी. ती हाताने घट्ट धरली नाही तर स्लाइडबरोबर तीही मागे जाते, स्लाइडला पूर्ण धाव मिळत नाही आणि रिकामी पुंगळी दारात उभी राहते. तेच पिस्तूल मी हातात घेतलं की सरळ चालतं. मग त्यांना राग येतो, पिस्तुलाचा नाही, माझा. तेव्हा सतरावं पेटंट, नाचता येईना अंगण वाकडं हे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर.

उरलेलं अर्धं असं, की मजबूत मनगटवाल्यांनाच चांगलं वाटणारं पिस्तूल 'सगळ्यांसाठी' म्हणून गळ्यात मारू नका. ज्यांचा हात लहान आहे त्यांना ती मूठ जाडच पडते. मनाने नाही, इंचाने. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांना नवऱ्याने, भावाने किंवा दुकानदाराने 'डोळे झाकून हेच घे' सांगितलेलं असतं. मग त्या समाधानी मालकांत मोजल्या जातात, कारण त्यांना कोणी काही विचारलेलंच नसतं.

तिसरा डोळा
ताई, हेच मला म्हणायचं होतं, तीन परिच्छेद घालवूनही जमलं नाही.

पुंगळ्या वेचणारा
समाधान वगैरे बाजूला ठेवा. मला एकच गोष्ट खटकते. उघडून साफ करायच्या आधी चाप दाबावा लागतो. पिस्तूल साफ करायचं तर आधी झाडल्यासारखं करा! हे कोणाच्या डोक्यातून आलं?

माझ्या हातून झालंय. तेव्हा हातात कोणत्या कंपनीचं होतं ते सांगत नाही, कारण चूक शंभर टक्के माझी. रात्रीची वेळ, डोकं कामात. आधी स्लाइड ओढली, मग मॅगझीन काढलं. क्रम उलटा. ओढताना बाहेर पडलेलं काडतूस मी टेबलावर उभं करून ठेवलं, म्हणजे मनाने नक्की की आता रिकामं. मॅगझीनमधलं पुढचं केव्हाच आत जाऊन बसलं होतं. चाप दाबला. गोळी कपाटाचं दार फोडून घड्या घातलेल्या रजयांत गेली, तिसऱ्या घडीत सापडली. कपाटाच्या मागे भिंत, भिंतीपलीकडे दोन पोरं झोपलेली.

कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती. बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

सतरावं पेटंट
वाईट झालं, पण याचा पिस्तुलाशी काय संबंध? ज्याला भरलेलं की रिकामं कळत नाही त्याच्या हातात स्टेपलरसुद्धा देऊ नये.

पुंगळ्या वेचणारा
पोरं झोपली होती असं लिहिलंय मी. स्टेपलर काय लावलंय?

सतरावं पेटंट
भावनेवर बोलायचं तर मी गप्प बसतो. यंत्रावर बोलायचं तर ऐका. स्लाइड पुढे काढायची तर स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आदळणारी सुई, सुटलेला लागतो, कारण त्याची टाच चापाच्या पट्टीला अडकलेली असते. चाप दाबला की टाच सुटते, स्लाइड पुढे येते. तिथे आणखी एक तरफ घातली की एक भाग वाढला, मोडायला एक जागा वाढली. चापातली जीभ, स्ट्रायकर अडवणारी खुंटी आणि पडल्यावर गोळी सुटू न देणारी व्यवस्था, या तीन सेफ्टी आहेतच, तुम्ही काहीही न करता. चौथी तुमच्या डोक्यात हवी.

पोलादी माणूस
आणि ती नसेल तर? स्मिथ अँड वेसन कंपनीने २००५ मध्ये एम अँड पी पिस्तूल काढलं, त्यात ती तरफ आहे. स्लाइड मागे अडकवा, तरफ पाडा, चापाला हात न लावता उघडा. मोडली का ती जगभर? सिग कंपनीचं पी३२० सुद्धा चाप न दाबता उघडतं. आणि २०१७ मध्ये अमेरिकी सैन्याने ग्लॉकला डावलून तेच निवडलं. ग्लॉकने हरकत घेतली, तीही फेटाळली गेली. लावा आता 'सैन्याच्या चाचण्या'.

सतरावं पेटंट
पुढचंही सांगा ना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिगला पी३२० मध्ये फुकट सुधारणा करून देण्याची घोषणा करावी लागली, कारण विशिष्ट कोनात पडलं की गोळी सुटू शकत होती. उघडायला सोपं आणि पडलं की सुटायला त्याहून सोपं. अभिनंदन.

पोलादी माणूस
मघाशी ग्लॉकने स्प्रिंग बदलल्या तर तो मोठेपणा होता. सिगने बदललं की ती नामुष्की. आपला तो बाब्या!

तिसरा डोळा
मंडळी, धागा मालकांच्या समाधानाचा होता…

पुंगळ्या वेचणारा
असू दे होता. मला सांगा, दमलेल्या माणसाला दुसरी संधी देणारं यंत्र वाईट कसं? १९११ ला मुठीत एक खटका, अंगठ्यापाशी एक खटका. यांना एक तरफ जड होते.

सतरावं पेटंट
खटका आहे म्हणून बिनधास्त झालेले मी पाहिलेत. "सेफ्टी लावलीय" म्हणत शेजाऱ्याच्या पोटाकडे नळी रोखून गप्पा मारतात. खटका असणं आणि नळी कुठे आहे ते कळणं, यांचा काडीचा संबंध नाही.

कोचताई
हे मात्र खरं आहे. मला आजवर सगळ्यात जास्त घाम फुटलाय तो सेफ्टी लावलेल्या पिस्तुलांनी.

पण सतरावं पेटंट, तुमची भाषा चुकली. या माणसाने आपल्या हातून काय झालं ते चारचौघांत लिहिलं. असं लिहिणारे फार थोडे असतात, बाकीचे कपाटाचं दार बदलतात आणि 'ग्लॉक असो की काय असो, आपलं तर कधी काही झालं नाही' म्हणून समाधानी मालकांत जाऊन बसतात. वर्गात मी नेहमी सांगते, आधी मॅगझीन, मग स्लाइड, मग डोळा, मग करंगळी. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, दमलेला डोळा हवं ते बघतो. करंगळीचं टोक चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, घाला. रिकामं असेल तर रिकामं लागतं.

पोलादी माणूस
ताई, माझी करंगळी जात नाही.

कोचताई
मग पेन्सिल घ्या. कारणं सांगू नका.

तिसरा डोळा
मूळ मुद्द्यावर यायची शेवटची धडपड करतो. सतरावं पेटंट, खरं सांगा, तुमच्या ग्लॉकमधून आजवर किती गोळ्या गेल्या?

सतरावं पेटंट
मोजल्या नाहीत.

तिसरा डोळा
अंदाजे?

सतरावं पेटंट
सातशे-आठशे झाल्या असतील. मागच्या वर्षी वेळच मिळाला नाही. पण त्याने काय सिद्ध होतं? अडलं तर नाही ना?

पोलादी माणूस
आठशे!! माझी सीझेड एवढ्यात नीट जागीसुद्धा होत नाही.

ऱ्हस्वदीर्घ
माझं सीझेड.

पोलादी माणूस
तुम्ही गप्प बसा हो. ऐका, मी एवढंच कबूल करतो. ग्लॉक चांगलं आहे. चमच्यासारखं. रोज कामाला येतो, मोडत नाही, गंजत नाही. फक्त चमच्यावर कोणी जीव टाकत नाही, आणि चमच्यासाठी कोणी भांडतही नाही. तुम्ही दोन्ही करता, ते कळत नाही.

सतरावं पेटंट
चमच्याला तेलही लागत नाही. चालेल, चमचा तर चमचा.

तिसरा डोळा
आठशे गोळ्यांवर "पस्तावलेला माणूस भेटायचाय" हे विधान मागे घेणार का?

सतरावं पेटंट
"मला भेटलेला नाही" असं लिहिलं होतं. भेटलेला नाहीच. मागे काय घ्यायचं? फार तर 'नेम धरता येत नाही' एवढं खोडा. ताईंच्या मनगटामुळे, तुमच्यामुळे नाही.

पुंगळ्या वेचणारा
आणि स्टेपलर?

सतरावं पेटंट
तेही खोडा.

आत्ताच पिस्तूल साफ करायला काढलं होतं. मॅगझीन, स्लाइड, डोळा, करंगळी. मग परत एकदा करंगळी. इथे कोणी काय लिहिलं म्हणून नाही, मी नेहमीच बघतो.

पुंगळ्या वेचणारा
दोनदा?

सतरावं पेटंट
आज दोनदा.