कबड्डीच्या तक्त्यात सगळीकडे ‘ताकद’च लिहायचं का?

पुळणवाट (गुहागर)
मंडळाच्या कबड्डी संघासाठी, वय १४ ते १७, दर महिन्याच्या तपासणीचा तक्ता मराठीत करतोय. रकान्यांच्या नावांवर गाडी अडली आहे. बैठका, बारला लोंबकळणं, उडी, धावणं, सगळ्यांपुढे ‘ताकद’च येतंय. मुलं विचारतात, मग चार रकाने कशाला? पुस्तकी शब्द नकोत, मैदानात ओरडून सांगता आले पाहिजेत. आणि धावण्याची वेळ पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, घेतली तर चालेल का?

चिरेबंदी
तीसेक किलोचा जांभ्याचा चिरा जमिनीवरून उचलून खांद्यावर घेता येतो की नाही, ही ताकद. तसेच चिरे सकाळपासून दुपारपर्यंत ट्रकात चढवत राहता येतात का, तो तग. एकाच माणसात दोन्ही असतील असं नाही. म्हणून शंभर बैठका ताकदीच्या रकान्यात टाकू नका. पाचसहा वेळांच्या वर जी हालचाल जमतच नाही, तिच्यात ताकद दिसते. पंधरा-वीसच्या पुढे गेलात की पायांचा तग मोजताय. नुसत्या बैठकांवर पोसलेला पोरगा सामनाभर नाचेल, पण हात धरलेल्या रक्षकांच्या साखळीत सापडला की दोघांना ओढत मध्यरेषेपर्यंत येणार नाही.

वजनं नसतील तर बाक घ्या. एका पायावर सावकाश बसून टेकायचं आणि त्याच पायावर उठायचं, हात पुढे. पाच सहज झाले की बाक आणखी बुटका. दोन प्रयत्नांमध्ये तीन मिनिटं थांबा, नाहीतर पुन्हा तगच मोजला जातो. गुडघा आत वळला की तो उठाव धरायचा नाही.

हुतूतू७
वरचं पटलं. पण मैदानात दोन शब्द आधीच अडवलेले आहेत, त्यांच्यापासून सांभाळा.

‘पकड’ म्हणजे चढाई करणाऱ्याला धरणं. बारला लोंबकळण्याच्या रकान्याला नुसतं ‘पकड’ लिहिलंत तर मुलं घोट्याची की मांडीची ते विचारतील. ‘मूठ’ लिहा. अंगठा बारखालून वळवलेला, झोका नाही, हनुवटी वर नेण्याची भानगड नाही, सेकंद मोजा.

‘जोर’ हा व्यायामही आहे. ‘जोर कमी आहे’ म्हटलं की पोरगं घरी जाऊन जोर काढत बसतं, आणि तुम्हाला म्हणायचं असतं की धक्क्यात जोर नाही.

‘दम’ मात्र राहू द्या, याहून नेमका शब्द नाही. पण चढाई ३० सेकंदांची, म्हणून लांब धावून आलेला दम इथे अर्धाच कामाचा. १० मीटरवर दोन रेषा, ३० सेकंद ये-जा, ३० सेकंद उभं राहणं, असे आठ फेरे. पहिल्या आणि आठव्या फेऱ्यात कापलेलं अंतर लिहा. फरक जितका मोठा, तितका दम कच्चा.

उडीला ‘उसळी’ म्हणा. काही ठिकाणी ‘स्फोटक ताकद’ छापलेलं असतं; ते वाचून फटाके आठवतात. ‘शक्ती’ही नको, विज्ञानाच्या पुस्तकात तिचा अर्थ वेगळा आहे. जोडपायांनी उभ्यानं लांब उडी, तीनांतली सर्वांत लांब, माप मागच्या टाचेपर्यंत.

ओहोटी
पुळणीवर वेळ घेऊ नका. सुक्या वाळूत टाच रुतते, मागे दिलेला रेटा वाळू सरकण्यातच जातो, आणि वाळू रोज सारखी नसते. मग एप्रिलपेक्षा मेमध्ये मुलगा मंदावला की वाळू सैल होती, हे कसं कळणार? सरावाला पुळण उत्तम, फक्त ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट पट्टी धरा. किनारा उतरता असतो, एकाच दिशेने धावलं की एकाच घोट्यावर ताण येतो. जितकं जाल तितकंच उलट या.

मोजणी सकाळी सातच्या आत, दर वेळी त्याच सुमारास. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापलेलंच राहतं आणि दम लवकर सुटतो. दुपारचा आकडा सकाळच्या शेजारी लिहिण्यात अर्थ नाही.

एक रकाना दुखण्याचाही ठेवा, आणि त्यात ‘पाय दुखतो’ चालवून घेऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या जड, दाबलं की दुखतं: अंग आंबलंय, हलका सराव चालेल. खेळताना पोटरी दगडासारखी होते: गोळा आलाय, थांबवा, पंजा वर ओढा, पाणी द्या. वाकताना कमरेत एकदम अडकलं: उसण. घोटा सुजला: मुरगळलाय, त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, आणि पाय टेकवतच नसेल तर डॉक्टरांकडे.

पुळणवाट
आभारी आहे. आता रकाने असे: ताकद, तग, मूठ, दम, उसळी, दुखणं. शेवटी शेऱ्यात ‘सुदृढ’ लिहू का?

चिरेबंदी
‘सुदृढ’ म्हटलं की बाळांची स्पर्धा डोळ्यासमोर येते. ‘धडधाकट’ म्हणजे नुसतं व्यंग नाही एवढंच. ‘धिप्पाड’ हे माप झालं, गुण नव्हे. बारीक पण न थकणाऱ्याला ‘काटक’, जाड हाडाच्या, हलवता न येणाऱ्याला ‘दणकट’. कोपरारक्षक निवडताना हा फरक उपयोगी पडेल.

ओहोटी
मालवणात त्याचाच शेरा असा होईल: दिसता लुकडो, पण गडी काटक आसा. आणि ‘चपळाई’ राहिली बघा. दहा मीटर, चार फेऱ्या, वळताना हात रेषेला टेकलाच पाहिजे.