'लक्ष उडणे' याला नाम काय?

निपाणीकर: शाळेच्या अंकासाठी मोबाईल आणि अभ्यास यावर लिहितोय. 'डिस्ट्रॅक्शन'ला धड नाम सापडेना. 'लक्ष विचलित होणे' पेपरात ठीक, पण घरात कोण म्हणतं?

टिळकवाडी: घरात क्रियापदावरच भागतं की. लक्ष उडालं, मन लागत नाही, चित्त थाऱ्यावर नाही. नामच हवं तर 'व्यवधान' घ्या.

खानापूरवाला: व्यवधान नको, अण्णा. हिंदीत तो अडथळा. मराठीत व्यवधान म्हणजे मागे लागलेली कामं: 'घरची सगळी व्यवधानं सांभाळून तिनं बी.ए. केलं.' रील्स बघणं त्यात कुठं बसतं? जुना नेमका शब्द 'विक्षेप', म्हणजे इकडेतिकडे फेकलं जाणं. योगसूत्रांच्या पहिल्या पादात नऊ चित्तविक्षेप सांगितलेत. त्यात आजारपण आहे, आळस, संशय, प्रमाद आहे. शेजारचा गोंगाट मात्र नाही, म्हणजे लक्ष आतूनच उडतं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हॅग्रिअस या ख्रिस्ती संन्याशानंही हेच टिपलंय: दुपारी सूर्य हलतच नाही असं वाटतं, साधक सारखा खिडकीकडे बघतो, कुणी भेटायला येतंय का म्हणून. मोबाईल कुणाच्याच हातात नव्हता!

शहापूर गल्ली: विक्षेपाच्या आधी 'अवधान' घ्या. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय त्यावरच उघडतो. श्रोत्यांनी अवधान द्यावं, आणि लगेच पुढच्या ओवीत ही 'विनवणी सलगीची' म्हणून सारवासारव. 1290 साली ज्ञानदेवांनाही मागून घ्यावं लागलं, तिथं आपलं काय.

पण खरी मजा आपल्या कन्नड शेजाऱ्यांकडे आहे. मराठीत 'अष्टावधानी' म्हणजे चौफेर लक्ष असलेला माणूस, एवढंच उरलंय. कन्नडात अष्टावधान हा मंचावर तिथल्या तिथे श्लोक रचण्याचा, अजून रंगणारा प्रयोग आहे, शतावधानी आर. गणेश यांचं नाव तिथं सगळ्यांना ठाऊक. आठ पृच्छक, म्हणजे प्रश्न विचारणारे, अवधान करणाऱ्या अवधानीसमोर बसतात. एक जण पुढचं अक्षर वर्ज्य करत जातो, दुसरा शेवटची ओळ देऊन श्लोक पुरा करायला लावतो. अवधानी एका फेरीत श्लोक मागणाऱ्या प्रत्येकाला एकच चरण देतो, बाकीचे डोक्यात ठेवतो आणि शेवटी सगळे श्लोक तोंडपाठ म्हणून दाखवतो. आणि आठांतला एक असतो 'अप्रस्तुतप्रसंगी'. त्याचं काम एकच: मध्येच वाट्टेल ते विचारून लक्ष उडवायचं. त्याला हजरजबाबी उत्तर देऊन पुन्हा अर्ध्या श्लोकावर यायचं! लक्ष उडवणाऱ्याला मानाची खुर्ची देणारा दुसरा प्रकार मला तरी माहीत नाही.

टिळकवाडी: वा! जाता जाता: कन्नडात लक्ष म्हणजे 'गमन'. बसस्टँडवर 'दयविट्टु गमनिसि' ऐकून पुण्याचा पाहुणा पिशवी उचलतो, गाडी सुटली म्हणून.

निपाणीकर: मग मोबाईलला 'अप्रस्तुतप्रसंगी' म्हणू?

खानापूरवाला: नको, मोबाईल तुमच्या उत्तरासाठी थांबत नाही. लेखात एकदा 'चित्तविक्षेप' लिहा, अर्थ सांगा, पुढं खुशाल 'लक्ष उडतं' चालवा. आठवीच्या पोरांना तेच कळणार.