मदत हवी आहे: ‘स्ट्राँग’ कुठे, ‘हेवी’ कुठे? मुलांना कसं समजवावं?

नमस्कार मंडळी,

मी नववी-दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. बरीचशी मराठी माध्यमाची, काही सेमीची. ‘स्ट्राँग म्हणजे मजबूत, बलवान’ हे सगळ्यांच्या वहीत केव्हापासून लिहिलेलं आहे. कडक चहाला ‘स्ट्राँग टी’ म्हणतात हे घरीच कानावर पडलेलं असतं आणि निवडणुकीच्या बातम्यांमुळे ‘स्ट्राँग रूम’ही ठाऊक असते. अडतं ते निबंधात. जोराचा पाऊस आला की ‘स्ट्राँग रेन’, रस्त्यावर गर्दी असली की ‘स्ट्राँग ट्रॅफिक’.

मी ‘हेवी रेन’ अशी दुरुस्ती केली तेव्हा एका मुलीनं विचारलं, “मग जोराच्या वाऱ्याला स्ट्राँग विंड कसं चालतं? जोर तर दोन्हीकडे आहे.” प्रश्न अगदी रास्त आहे. ‘पाठ कर’ एवढंच उत्तर तिला द्यायचं माझ्या जिवावर येतं.

यामागे काही सूत्र आहे का? ‘पॉवरफुल’ यात कुठे बसतो? आणि सेमीची मुलं विज्ञानातलं ‘स्ट्राँग ॲसिड’ घेऊन येतात, तो अर्थ वेगळा आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

*

शब्दसोबती:

ताई, त्या मुलीला आधी मराठीतच विचारा. पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा, थंडी कडाक्याची, ऊन रणरणतं. जोर चारही ठिकाणी आहे, पण ‘सोसाट्याचा पाऊस’ कुणी म्हणत नाही. का म्हणत नाही याचं कारण तिलाही देता येणार नाही, तरी चूक मात्र कानाला लगेच कळेल. इंग्रजीतही हेच चालतं.

भाषाशास्त्रात याचं गाजलेलं उदाहरण नेमकं तुमच्याच शब्दाचं आहे. मायकेल हॅलिडे यांनी १९६६ मध्ये दाखवलं की ‘स्ट्राँग टी’ चालतं, ‘पॉवरफुल टी’ नाही; ‘पॉवरफुल कार’ चालतं, ‘स्ट्राँग कार’ नाही; आणि ‘आर्ग्युमेंट’ला मात्र दोन्ही चालतात. शब्दांच्या अशा ठरलेल्या सोबतीला ‘कोलोकेशन’ म्हणतात.

नियम नसला तरी कल सांगता येतो. किती आलं, किती पडलं, किती साचलं असा प्रमाणाचा प्रश्न असेल तिथे बहुधा ‘हेवी’: पाऊस, बर्फ, वाहतूक, नुकसान. म्हणूनच खूप सिगरेटी ओढणारा ‘हेवी स्मोकर’. जे ढकलतं, ओढतं किंवा ज्याचा अर्क दाट असतो तिथे ‘स्ट्राँग’: वारा, पाण्याची ओढ, वास, चहा, मत. कडक दारू ‘स्ट्राँग ड्रिंक’, पण ती भरपूर पिणारा ‘हेवी ड्रिंकर’. ही जोडी शेजारी शेजारी ठेवली की फरक चांगला उमगतो. ‘पॉवरफुल’चा भर परिणाम घडवण्याच्या ताकदीवर: इंजिन, दुर्बीण, भाषण, पुढारी.

हवामान खात्याचे इशारेही वर्गात वाचून दाखवा. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘हेवी’. पाऊस साठवून मोजतात, वारा वेगाने मोजतात. बोफर्ट मापनात ताशी ३९ ते ४९ किलोमीटरच्या वाऱ्याला ‘स्ट्राँग ब्रीझ’ हे नावच आहे.

*

प्रयोगशाळा:

ॲसिडपुरतं लिहितो, कारण इथे मुलांचे गुण हमखास जातात. बोलण्यात ‘स्ट्राँग’ म्हणजे दाट, जहाल. रसायनशास्त्रात तसं नाही. पाण्यात ज्याचं जवळजवळ पूर्ण विचरण होतं, म्हणजे रेणू फुटून आयन सुटे होतात, ते स्ट्राँग, म्हणजे पुस्तकातलं ‘तीव्र आम्ल’. पाणी कमी की जास्त, हा मुद्दा निराळा. त्याला ‘संहत’ आणि ‘विरल’ हे शब्द आहेत.

हायड्रोक्लोरिक आम्लात कितीही पाणी घातलं तरी ते तीव्रच, फक्त विरल. उलट व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल शुद्ध असलं की कातडी भाजतं, तरी ते सौम्यच. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिकचा सामू (pH; जितका कमी तितकी आम्लता जास्त) १ येतो, तेवढ्याच संहतीच्या ॲसेटिकचा सुमारे २.९. हे दोन आकडे फळ्यावर लिहाच. ‘व्हिनेगर आटवलं की स्ट्राँग ॲसिड होतं’ असं उत्तर लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात.

*

मालवणी मास्तर:

माझा अनुभव सांगतो. ‘स्ट्राँग’चे अर्थ ओळीनं लिहून देऊ नका, नामापासून सुरुवात करा. फळ्यावर मराठी जोड्या लिहायच्या: ठाम मत, भक्कम पुरावा, उग्र वास, दाट शक्यता, खंबीर मन, जालीम औषध, तगडा उमेदवार, जास्त नंबरचा चष्मा. मग सांगायचं, या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘स्ट्राँग’ चालतं. मुलं अवाक होतात आणि ‘मजबूत’ आपोआप सुटतो.

दुसऱ्या दिवशी उलट शब्द घ्यायचे. चहा स्ट्राँग नसेल तर ‘वीक’, वारा नसेल तर ‘लाइट’, वास नसेल तर ‘फेंट’, बोलण्यातला हेल नसेल तर ‘स्लाइट’. विरुद्धार्थी शब्द एकच पाठ केलेला असतो, तो इथे कामाला येत नाही.

*

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, जोड्यांचा तक्ता उद्याच करते. हेवी ड्रिंकरचं उदाहरण नववीच्या वर्गात नको वाटतं, तिथे पाऊस आणि वाराच घेईन.

आणखी दोन शंका. ‘टू हंड्रेड स्ट्राँग’ असं बातमीत वाचलं, ते काय? आणि ‘स्ट्राँगर’ म्हणताना ‘ग’ उच्चारायचा का?

*

शब्दसोबती:

पहिलं संख्याबळ आहे. दोनशे जणांचा जमाव किंवा मोर्चा असा अर्थ. ते दोनशे जण दणकट असण्याशी त्याचा संबंध नाही. संख्या आधी, ‘स्ट्राँग’ नंतर.

उच्चाराबद्दल: ‘स्ट्राँग’च्या शेवटी सुटा ‘ग’ नसतो, ‘वाङ्मय’मधल्यासारखा नुसता ‘ङ’ असतो. ‘स्ट्राँगर’ आणि ‘स्ट्राँगेस्ट’मध्ये मात्र ‘अंगण’मधल्यासारखा ‘ग’ स्पष्ट येतो. ‘लाँगर’ आणि ‘यंगर’ही तसेच. ‘सिंगर’मध्ये तो येत नाही, तेवढं मुलांकडून वेगळं म्हणून घ्या.